सुट्टीतील आनंदीबाई

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकेतील वास्तव्याविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये त्यांचे चरित्र पत्रांसह प्रसिद्ध केले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्ये आली. अंजली कीर्तने यांनी १९९७ मध्ये आनंदीबाईंचा काळ आणि कर्तृत्व संशोधनपूर्वक मांडले आणि २०१९ मध्ये चित्रपटही निघाला. या सर्वांविषयी आदर बाळगूनही आम्हांस एक तक्रार नोंदवावीशी वाटते. सामान्य वाचकाच्या मनात यांतून जी आनंदीबाई उरते, ती थंडीने कुडकुडणारी, शाकाहाराच्या निग्रहामुळे अर्धपोटी राहणारी आणि सदैव पुस्तकावर वाकलेली असते. हे चित्र खोटे नाही. परंतु अठराव्या वर्षी परदेशी गेलेली मुलगी तीन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिली. त्या काळात तिने रिकाम्या वेळी काय पाहिले, ती कोणात मिसळली, याची खूण आपल्या स्मरणात का नसावी?

आमच्या मते याचे उत्तर पत्रांच्या पत्त्यात आहे. शासकीय नोकरीत असताना आम्ही दौऱ्याच्या दैनंदिन्या पुष्कळ लिहिल्या आणि त्याहून अधिक तपासल्या. वरिष्ठांकडे जावयाच्या दैनंदिनीत वाटेवरचा धबधबा कधीच नसतो. असतात ती तपासलेली दप्तरे आणि कापलेले मैल. गोपाळराव हे आनंदीबाईंचे पती, गुरू आणि एका अर्थाने वरिष्ठही होते. त्यांना लिहिलेली पत्रे बहुतांशी मराठीत आहेत आणि त्यांत हिशेब फार आहे : काय खाल्ले, काय नेसले, काय शिकले, वचन कसे पाळले. उलट रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर या ‘मावशीं’ना लिहिलेली पत्रे इंग्रजीत. ती सामग्री प्रथम कॅरोलाइन हीली डॉल यांच्या १८८८ मधील इंग्रजी चरित्रात गेली. काशीबाईंनी त्या चरित्राचाही उपयोग केला, हे त्यांचे श्रेय. तरी मराठी परंपरेचा आस पतिपत्नींचा पत्रव्यवहार हाच राहिला. जोशींच्या कादंबरीचे नावच पाहावे. ती गोपाळरावांचे विलक्षण मन उलगडण्यात रमते आणि तेथे ती खरोखर श्रेष्ठ आहे. पण त्यामुळे अमेरिका ही पत्रे जेथून येतात ती दूरची जागा होऊन बसते. चित्रपटातही अमेरिकेच्या वाट्याला थोडाच वेळ येतो.

वस्तुतः आनंदीबाई जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कॉलेज सुरू होण्यास अवकाश होता. तो उन्हाळा न्यू जर्सीतील रोझेल या लहानशा गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या घरात, मुलांबाळांत गेला. या उन्हाळ्याचे मोल ध्यानात यावयास आधीची एक गोष्ट आठवावी लागते. गोपाळराव टपाल खात्यात. बदल्यांमुळे आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा फिरल्या. म्हणजे सातासमुद्रांपलीकडे जाण्यापूर्वीच त्या आपल्यासारख्याच परप्रांतस्थ मराठी होत्या. प्रस्थानापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात कलकत्त्याच्या रस्त्यांवर झालेल्या उपहासाचा त्यांनी उल्लेख केला आहे. पतीबरोबर उघड्या रस्त्याने पायी जाणारी बाई हा बघ्यांना तमाशा वाटे. ज्या मुलीला फिरावयास जाणे हेच एक संकट होते, तिच्या आयुष्यात कोणतीही परीक्षा समोर नसलेला एक सबंध उन्हाळा आला. तो चरित्रात दोन प्रकरणांमधला दुवा म्हणून उरकावा, हे आम्हांस पटत नाही.

वेषाचा प्रश्न याच अंगाने पाहण्यासारखा आहे. नऊवारी नेसल्याने पाय उघडे राहतात, तेथील थंडी व शिष्टाचार दोन्ही आड येतात, म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. चरित्रकार याकडे धर्मनिष्ठेची कसोटी म्हणून पाहतात. आम्हांस त्यात निराळेच दिसते. झगा हा पर्याय समोर असताना या मुलीने उत्तर शोधले ते स्वतःच्याच देशातल्या शेजारणीकडे. भूजच्या वास्तव्यात ते नेसणे त्यांच्या नित्य पाहण्यातले असणार. बडोद्याच्या मराठी घरांतील वृद्ध स्त्रियांना यात नवल वाटणार नाही.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात डीन रेचल बॉडली यांच्याकडील स्वागतसमारंभात घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी पोशाखातील सीरियाच्या सबत इस्लामबूली. हे चित्र आज सर्वत्र ‘पहिल्या स्त्री डॉक्टर’ अशा मथळ्याखाली छापले जाते. पण तो क्षण पदवीचा नव्हे, मेजवानीचा आहे. कल्याणची मुलगी, जपानी बाई आणि दमास्कसची तरुणी यांची गाठ पडण्यास फिलाडेल्फियातील एक दिवाणखाना लागावा, यातली मौज आमच्या चरित्रकारांनी अधिक चाखावयास हवी होती. त्याच वर्षांत आनंदीबाई आपल्या प्रबंधाकडे वळत होत्या आणि त्याचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र.

त्यांच्या पदवीदानासाठी मार्च १८८६ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. त्यांची अमेरिका १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात मराठी वाचकांपुढे उभी राहिली. रमाबाईंना जाब देण्यासारखा कोणी नव्हता. त्या थेट समाजाला लिहीत होत्या, म्हणून त्यांचे कौतुक व त्यांची टीका दोन्ही मोकळी आहेत. आनंदीबाईंना असा ग्रंथ लिहिण्यास आयुष्य उरले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्या पुण्यात वारल्या.

मात्र दैनंदिनीची आमची उपमा एका पत्रापाशी मोडते, हे सांगितलेच पाहिजे. अमेरिकेतूनच गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई लहानपणी खाल्लेल्या माराची, अंगावर फेकलेल्या पुस्तकांची व खुर्च्यांची, सोडून देण्याच्या धमक्यांची आठवण देतात. आकांत नाही, आरोपाचा सूर नाही. वयाप्रमाणे एकेक बाब मांडलेली. अभ्यासकांनी या पत्राकडे लक्ष वेधले आहे. मीरा कोसंबी यांचे लेखन त्यात महत्त्वाचे. आमचे लक्ष जाते ते पत्राच्या स्थळाकडे. हे अलिबागेस लिहिले गेले नाही, कलकत्त्यासही नाही. आधी रोझेलचा तो उन्हाळा आला, दुसऱ्या एका घरातील नवराबायको आणि मुले रोजच्या रोज पाहणे आले आणि मग हे पत्र आले.