कथबर्ट-शुभवर्तमानाची बांधणी : अलंकरणाविषयी काही विचार

संत कथबर्टच्या शवपेटीत सापडलेल्या योहानाच्या शुभवर्तमानाची बांधणी ही युरोपात मूळ स्वरूपात टिकलेली सर्वांत जुनी ग्रंथबांधणी होय. १३८ × ९२ मिलिमीटरांचे हे छोटेखानी पुस्तक ११०४ साली डरहॅम येथे पेटी उघडली असता आढळले. २०१२ साली ब्रिटिश लायब्ररीने ते ९० लाख पौंडांस घेतले. तथापि तिच्या अलंकरणाचा विचार दीर्घकाळ संतचरित्राच्याच आश्रयाने होत आला. कथबर्ट ६८७ साली निवर्तला व ६९८ साली त्याचा देह समारंभपूर्वक नव्या पेटीत ठेवण्यात आला; तेव्हा ग्रंथही त्याच प्रसंगासाठी सिद्ध झाला असावा, असे मानीत. ह्या अनुमानास पेटीपलीकडे आधार नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासग्रंथात लिपी व नक्षी ह्या दोहोंच्या परीक्षणावरून आठव्या शतकाच्या आरंभीची दशके सुचविली आहेत, ती अधिक ग्राह्य वाटतात.

दर्शनी बाजू पाहावी. बर्चच्या फळीवरील तांबड्या कातड्यात पात्रातून उगवणारी वेल उठावाने आली आहे; तिच्या वरखाली गुंफणीची नक्षी कोरून रेषांत रंग भरले होते. वेल भूमध्यसागरी ख्रिस्ती परंपरेतील, गुंफण बेटांवरची, आणि दोऱ्यांच्या पट्ट्यांचा आधार न घेता पानांचे जुज परस्परांत गुंतविण्याची शिवण ईजिप्तमधील कॉप्टांची! हिला 'इंग्लिश' म्हणावे ते एवढ्याच अर्थाने, की हे सारे वेअरमथ-जॅरोच्या मठात एकत्र आले. त्याच मठाने अखंड बायबलच्या तीन भव्य प्रती सिद्ध केल्या होत्या.

खरा प्रश्न उठावाचा आहे. क्ष-किरणांच्या छेदचित्रणात कातड्याखाली मातीसारखा पदार्थ दिसून आला, आणि नक्षी साच्यावर घडविली असावी असा तर्क त्यावरून निघाला. तो मान्य केल्यास बांधणीला 'एकमेव भक्तिकृती' मानणे कठीण होते. एकाच प्रतीसाठी कोणी साचा कोरील, हे फारसे संभवत नाही. मग बाराव्या शतकातील 'विंटन डूम्सडे'च्या ठसेदार बांधणीशी हिचा विरोध दाखविताना, आधी हस्तकौशल्य व नंतर पुनरावृत्ती, अशी जी मांडणी सुचते तीही डळमळते.

मागील बाजूस मात्र उठाव मुळीच नाही. तेथे केवळ पायऱ्यांची भौमितिक आकृती रेखिली आहे, आणि ती सरळसरळ हाताची आहे.