हुकूमशहा, कालयंत्र आणि रिकामी खुर्ची

इतिहासातील एखाद्या क्रूर पुरुषास त्याच्या जन्मापूर्वीच नाहीसे करता आले असते, तर मानवजातीचे दुःख टळले असते काय, हा प्रश्न विज्ञानकथेस फार प्रिय आहे. वेल्सने १८९५ मध्ये कालयंत्र वाचकांच्या परिचयाचे केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लेखकांनी त्या यंत्राचे तोंड वारंवार हिटलरकडे वळविले. वरवर पाहता हा कल्पनेतील सूड वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी इतिहासाविषयीचे एक मत दडलेले असते. एक माणूस इतिहास घडवितो, की इतिहासच तसा माणूस घडवून घेतो? या प्रश्नाचे उत्तर कथा कसे देते, यावर तिचे मोल ठरते, असे आम्हांस वाटते.

स्टीफन फ्राय या इंग्रज लेखकाची १९९६ ची ‘मेकिंग हिस्टरी’ ही कादंबरी या दृष्टीने लक्षणीय आहे. केंब्रिजचा एक तरुण इतिहासाभ्यासक आणि एक वयस्क पदार्थवैज्ञानिक मिळून हिटलरच्या जन्मगावच्या पाण्यात वंध्यत्व आणणारे औषध भूतकाळात पोचवितात. हिटलर जन्मत नाही. परंतु त्याची रिकामी जागा रिकामी राहत नाही. ग्लोडर नावाचा अधिक चतुर आणि अधिक संयमी पुढारी तीच चळवळ हाती घेतो, आणि जग पूर्वीपेक्षाही भीषण होते. एवढेच नव्हे, तर ते दूषित पाणीच पुढे यहुद्यांचा वंशच्छेद करण्याचे साधन बनते. सद्हेतूने केलेल्या कृत्याचा असा विपर्यास दाखवून फ्राय यांनी सोप्या उत्तराचा पायाच काढून घेतला आहे.

तिमूर व्हेर्मेस या जर्मन लेखकाने २०१२ मध्ये उलट वाट धरली. त्याच्या कादंबरीत हिटलर २०११ च्या बर्लिनमध्ये जागा होतो. आपल्याकडे मुचुकुंदाची कथा आहे. युगानुयुगे निजलेला तो राजा जागा होताच त्याच्या दृष्टीने कालयवन भस्म झाला. येथे मात्र जागा झालेला पुरुषच कालयवन आहे, आणि त्याला पाहून कोणी भयभीत होत नाही. लोक त्यास हुबेहूब सोंग आणणारा नट समजतात, हसतात, आणि दूरचित्रवाणी त्याला लोकप्रिय करून सोडते. तो काहीही लपवीत नाही, तरी कोणी त्याचे म्हणणे खरे मानून ऐकत नाही. हे या उपहासातील खरे भय होय.

प्रत्यक्ष इतिहासही या दोन्ही कादंबऱ्यांना दुजोरा देतो. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तो राष्ट्राध्यक्षाच्या नियुक्तीने. आणि २३ मार्च रोजी जर्मन संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा आपला अधिकार त्याच्या सरकारला देऊन टाकला. विरोधकांपैकी अनेकजण त्यापूर्वीच तुरुंगात होते आणि सभागृहात गणवेशधारी दले उभी होती, हे खरे. तथापि ज्यांनी होकार दिला ते सर्वच काही त्याच्या पक्षाचे नव्हते. म्हणजे येथे सत्ता केवळ हिसकावून घेतली गेली नाही. ती हाती दिलीही गेली.

आता मराठीकडे वळू. हुकूमशहाला कालप्रवासात आणणारी नामांकित मराठी कथा आम्हांस आठवत नाही. परंतु बदललेल्या इतिहासाची एक श्रेष्ठ कथा आपल्याकडे आहे, ती म्हणजे जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली असती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघाताने अशाच जगात जाऊन पोचतात. मराठे जिंकले आहेत. कंपनी सरकार मुंबई-कलकत्त्यासारख्या ठाण्यांपुरते उरले आहे. दिल्लीचा बादशहा आहे, पण तो संसदेच्या शिफारशींवर शिक्का उमटविण्यापुरताच. बर्लिनमध्ये संसदेनेच शिक्का होणे पत्करले. नारळीकरांच्या जगात तो बादशहाच्या वाट्याला आला आहे. ही उलटापालट आम्हांस फार सूचक वाटते.

याहून सूचक आहे तो आझाद मैदानावरील प्रसंग. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून सभाध्यक्षपदाची आयुष्यभर सवय जडलेले गंगाधरपंत तीत जाऊन बसतात, आणि श्रोते त्यांच्यावर अंड्यांचा मारा करतात. कारण त्या समाजाने अध्यक्ष ही संस्थाच मोडीत काढली आहे. हा प्रसंग केवळ विनोदी मानून सोडून देणे योग्य नव्हे. खुर्ची रिकामी दिसली की तीवर कोणीतरी बसलेच पाहिजे, ही आपली हाडीमाशी खिळलेली समजूत आहे. फ्राय यांच्या कादंबरीत ग्लोडर येतो तो याच समजुतीच्या वाटेने. नारळीकरांच्या श्रोत्यांनी खुर्ची रिकामी ठेवण्याचे धैर्य कमावलेले आहे.

तरीही एक आक्षेप नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. ही कथा पुण्याकडून पाहिलेली आहे. बालाघाट जिल्ह्यातील कटंगीसारख्या गावात बसून ती वाचली, म्हणजे तिच्यातील एक पोकळी ध्यानात येते. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. पानिपतानंतर दोनच वर्षांनी, १७६३ मध्ये, जानोजी भोसले निजामाच्या बाजूने होते आणि पुणे लुटले व जाळले गेले. पुढे राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी ते पेशव्यांकडे वळले. अशी फूट एका गोळीच्या चुकण्याने बुजली असती काय? दादासाहेबांना कथा एका वाक्यात निवृत्त करते. नागपूरचा तर तीत विचारच नाही. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, ही आमच्या भागातील ‘जर-तर’ची जागा, तिची कथा अद्याप कोणी लिहिलेली आमच्या वाचनात नाही.

आक्षेप असला तरी कथेचे श्रेय उणावत नाही. विश्वासराव वाचले हे केवळ दार उघडण्याचे निमित्त आहे. पुढील जग विद्येची केंद्रे, यंत्रविद्येची ओळख आणि लोकशाहीकडे झालेली वाटचाल यांतून उभे राहते. थोर पुरुष मिळाला म्हणून सर्व काही साधले, असे ती म्हणत नाही.

ही कथा इंग्रजी रूपाने अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात आली. घरी मराठी वा पोवारी आणि शाळेत हिंदी बोलणाऱ्या आमच्याकडील विद्यार्थ्यास गंगाधरपंत प्रथम भेटावेत ते इंग्रजीतून, ही खंत शिक्षकांनी मूळ कथा वर्गात वाचून दूर करावी. त्या वेळी विश्वासराव वाचले असते तर काय झाले असते, एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. रिकाम्या खुर्चीकडे आपण कोणत्या आशेने पाहतो, हेही विचारावे. भूतकाळातील हुकूमशहा नाहीसा करणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. पुढच्या हुकूमशहासाठी खुर्ची पुसून न ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.