वर जावे की खाली यावे?

नाईलच्या नौकासहलीचे तिकीट काढताना सहल काढणाऱ्या गृहस्थांनी विचारले, "लक्सरहून आस्वानला जाणार, की आस्वानहून लक्सरला?" मी गोंधळलो. नकाशात वर म्हणजे उत्तर. नाईलवर मात्र वर म्हणजे दक्षिण, कारण नदीच उत्तरेला वाहते. "आस्वानहून निघा. तीनच रात्री लागतात, आणि भारी ते शेवटी येते," असा सल्ला मिळाला. आम्ही तो मानला.

परत आल्यावर अमेलिया एडवर्ड्‌स ह्या इंग्रज लेखिकेचे 'अ थाउजंड माइल्स अप द नाईल' (१८७७) हाती आले. आधी यायला हवे होते! १८७३-७४ च्या हिवाळ्यात बाई दहाबिया नावाच्या शिडाच्या घरनौकेतून कैरोहून थेट दुसऱ्या धबधब्यापर्यंत गेल्या. नाईलवर वारा बहुधा उत्तरेचा. त्यामुळे वर जायचे ते शिडाने आणि खाली यायचे ते प्रवाहाने व वल्ह्यांनी. प्राचीन चित्रलिपीतही दक्षिणेला जाणे लिहिताना शीड उभारलेली नाव काढीत आणि उत्तरेला जाणे लिहिताना बिनशिडाची! म्हणून त्या काळच्या प्रवाशांचा रिवाज असा, की वारा आहे तोवर वर धावत सुटायचे आणि देवळे परतताना पाहायची.

बाईंचा आक्षेप ह्या रिवाजावर आहे. इजिप्तचे सर्वांत जुने अवशेष कैरोच्या बाजूला, नवी देवळे बहुतेक दक्षिणेला. तेव्हा परतताना पाहणारा इतिहासाची पोथी शेवटच्या पानापासून वाचतो. येईल ते ठिकाण जाताना निदान ओझरते पाहावे, परतताना सावकाश न्याहाळावे, असे त्या बजावतात.

युक्तिवाद ठसकेबाज आहे. पण त्याला भोके आहेत. एडफूचे देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झाले. अबू सिंबेल त्याहून कितीतरी दक्षिणेला, आणि ते दुसऱ्या रामसेसचे, म्हणजे एडफूपेक्षा हजार वर्षांनी जुने. शिवाय बाईंचेच पुस्तक बाईंच्या विरुद्ध साक्ष देते. कार्नाक त्यांनी जाताना पाहिले. एडफू आले ते परतीच्या वाटेवर, आणि त्यानंतर थीब्जचा मोठा मुक्काम. एडफू जवळजवळ अखंड उभे आहे, छपरासकट. ते पाहिलेल्या माणसाला कार्नाकच्या पडझडीत कुठे काय असेल, हे मनाशी जुळवता येते. थोडक्यात, उलटी पोथीही उपयोगी पडते.

पण खरी मेख निराळीच आहे. बाईंचा सल्ला दोनदा पाहणाऱ्यासाठी आहे. एकट्या अबू सिंबेलच्या पायथ्याशी त्यांचा मुक्काम चौदा दिवस होता. रामसेसच्या चेहऱ्यावर कोणी साचा घेताना राहिलेले पांढरे डाग त्यांनी खलाशांकरवी कॉफीने रंगवून घेतले! (ही हकीकत पुस्तकातल्या सर्वांत गोड पानांपैकी आहे.) आमचे तिकीट एकेरी. परतीची वाट असलेल्याला दिशेचा प्रश्न एवढा बोचत नाही. तो बोचतो आम्हांला. आणि मग इतिहासापेक्षा पायांचा हिशेब आधी येतो.

आमच्याबरोबर आत्या होती, वय पंचाहत्तर. फिली, कोम ओम्बो, एडफू तिने हौसेने चढून-उतरून पाहिले. कार्नाकला पोचलो तोवर तिचे गुडघे संपले होते. एकशे चौतीस खांबांच्या त्या दालनाच्या तोंडाशी सावलीत एका दगडावर ती बसली आणि "तुम्ही जाऊन या," म्हणाली. आम्ही गेलो, पण कशातच मन लागले नाही. भारी ते शेवटी येते खरे. तोवर पाहणारा उभा राहू शकतो का, हे त्या गृहस्थांना आम्ही विचारले नव्हते.

आता धाकटा भाऊ निघाला आहे, सासूसासऱ्यांना घेऊन. मी त्याला लक्सरहून निघायला सांगितले आहे. एक रात्र जास्त पडते, पडू दे. हे बोलणे चालले असताना खुर्चीतून आत्या म्हणाली, "त्याला सांग, मला एडफूच आवडलं होतं."