परसबाग आणि किलोमीटरचा हिशोब

‘परसबागेतली भाजी पर्यावरणाला चांगली, कारण ती लांबून येत नाही.’ संशोधन आराखड्यात हे वाक्य लिहिणार असाल तर जरा थांबा. माझ्या पहिल्या खर्ड्यात मीही ते लिहिलं होतं.

मग वेबर आणि मॅथ्यूज यांचा २००८ चा शोधनिबंध वाचला. अमेरिकी कुटुंबाच्या अन्नामुळे जे हरितगृह वायू बाहेर पडतात, त्यात उत्पादनाचा वाटा ८३ टक्के. सगळी वाहतूक मिळून ११ टक्के, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा फक्त ४ टक्के. म्हणजे माल किती लांबून आला यापेक्षा तो पिकवला कसा, हे जास्त महत्त्वाचं. मुद्दा पटण्यासारखा आहे.

पण हे आकडे उचलून सातारा-सांगलीला चिकटवू नका. ते सरासरी अमेरिकी घराचे आहेत आणि त्यात मोजलंय फक्त उत्सर्जन. आपल्याकडचा पहिला प्रश्न पाण्याचा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण तालुका दुष्काळी. सांगलीतही कृष्णाकाठचा वाळवा वेगळा, जत वेगळा. जतमध्ये भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढलेला अळू आणि टँकरच्या पाण्यावर जगवलेली वांगी, दोन्ही भाज्या ‘स्थानिक’च. त्यांना एकाच रकान्यात टाकायचं का? आणि ते पाणी घालायला रोज कोण राबतं, हे कुठे नोंदवणार?

परसबाग वाईट आहे, असं मी म्हणत नाही. फक्त ‘चांगली’ लिहिण्याआधी कशासाठी, कुणासाठी आणि कुठल्या पाण्यावर, एवढं लिहा. तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडेल.