आभरान भिंतीवर टांगताना

अद्भुत वेश म्हटलं की हल्ली पडद्यावरचे जादूगार आणि योद्धे आठवतात. त्यांचे झगे बघून हातशिलाईचे पट करणारी पुष्कळ मंडळी आहेत. आपल्या भूमकडच्या माणसाला मात्र असा वेश दारातच भेटलेला असतो. पोतराज आला की आधी कोरड्याचा आवाज, मग ते आभरान : कमरेभोवती रंगीबेरंगी खणांचे, चिंध्यांचे तुकडे आणि पायात घुंगरू.

त्यावरून आम्ही एक पट शिवला. दुकानातून नवे खण आणले, कडा मुडपल्या, वाकळेसारखा चारी बाजूंनी धावदोरा घातला, मागे जुन्या लुगड्याचं अस्तर. रंग सुरेख जमले. बघणारे खूश. आम्हाला मात्र तो खोटा वाटतो.

एक तर शिलाई. आभरानाचे तुकडे वर धरलेले, खाली मोकळे असतात. माणूस गिरकी घेतो तेव्हा ते फुलतात. वाकळेत तुकडा सुटला तर पाय अडकतो, म्हणून तिथं घट्ट टाके हवेतच. आम्ही तेच इथं केलं आणि वेश मेला. कोल्हापूरच्या भानू अथैया जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या आणि पुढं वेशभूषेकडे वळल्या. ‘गांधी’साठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. त्या भिंतीकडून अंगाकडे गेल्या. आम्ही नेमके उलटे निघालो!

त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. आभरानात बायकांनी मरीआईला वाहिलेले खण येतात, म्हणजे प्रत्येक तुकड्यामागं कुणाचं तरी गाऱ्हाणं. आमच्या तुकड्यामागं दुकानाची पावती. आणि तो घालणारा? बऱ्याचदा नवसानं देवीला सोडलेला पोरगा. जट वाढलेली, पाठीवर स्वतःचेच कोरडे. पार्थ पोळके यांच्या आत्मकथनाचं नावच ‘आभरान’ आहे. ते वाचून हा घागरा नुसता रंगीत दिसत नाही. आंबेडकरी चळवळीच्या प्रभावानं अनेक घरांनी जट कापली, पोतराजकी सोडली. ज्यांनी हा वेश उतरवला, त्यांच्या नातवंडांसमोर आपण तो शोभेची वस्तू म्हणून टांगायचा का?

मग शिवूच नये का? तसं आम्ही म्हणणार नाही. पट उसवायला घेतलाय. वरची कड तेवढी ठेवली, खालचे टाके सोडले. नव्या खणांच्या जागी घरातले वापरलेले तुकडे येताहेत. मधे जिथं माणूस हवा, तिथं काय शिवायचं ते ठरत नाही. सध्या तिथं नुसतं अस्तर दिसतंय.