छेद कुठे आहे?

शिक्षकाने स्वतःच्या बळावर साथरोगशास्त्र शिकायचे तर हाती कोणते पुस्तक घ्यावे? जागतिक आरोग्य संघटनेचे ‘बेसिक एपिडेमिऑलॉजी’ (१९९३, दुसरी आवृत्ती २००६) सुचवावेसे वाटते. पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्न आणि पुस्तकाच्या अखेरीस उत्तरे आहेत. एकट्याने शिकणाऱ्याला हा मोठाच आधार. सुरुवातीच्या प्रकरणांना लागणारे गणितही अपूर्णांकांच्या फारसे पुढे जात नाही.

आरंभ जॉन स्नोच्या लंडनपासून होतो. १८५४ च्या पटकीच्या साथीत सदर्क कंपनीचे पाणी घेणाऱ्या भागांत ८४४ माणसे दगावली, लॅम्बेथ कंपनीच्या भागांत १८. सत्तेचाळीस पट! पण पहिल्या भागांची वस्ती १,६७,६५४, तर दुसऱ्यांची अवघी १९,१३३. भागाकार केला की दर हजारी ५ आणि ०.९ मृत्यू, म्हणजे फरक सुमारे पाचपट. दूषित पाण्याकडे बोट दाखवायला तेवढा पुरेसा होता. मृतांची संख्या हा नुसता अंश. छेद मिळाल्यावाचून त्याला अर्थ नाही, हा धडा पुस्तक पहिल्याच प्रकरणात देते.

हा धडा आपल्याकडे किती लागू पडतो ते पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातील देगावच्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित आढळले. त्यांपैकी १५१ अमरावती जिल्ह्यातले, असेही बातम्यांत आले. हे वाचून ‘अमरावतीच्या मुलांनी साथ आणली’ असे कोणी म्हणाले, तर विद्यार्थ्यांनी काय विचारावे? वसतिगृहात अमरावतीची मुले एकूण किती होती? मुळात तीच बहुसंख्य असतील, तर बाधितांतही तीच जास्त दिसणार. छेद न विचारता एका जिल्ह्याच्या पोरांवर ठपका ठेवणे किती सोपे असते!

पुस्तकाची एक उणीव मात्र जाणवते. पापुआ न्यू गिनीतील आतड्याच्या आजाराचे उदाहरण घ्या. आजाऱ्यांपैकी ५० जणांनी नुकतेच मांस खाल्ले होते, ११ जणांनी नाही; निरोगी व्यक्तींत हेच आकडे १६ आणि ४१. तिरकस गुणाकार करून भाग दिला की ११.६ हे गुणोत्तर येते. पुस्तक हे चटकन उरकते आणि एकटा वाचक इथेच अडखळतो: सरळ दर का काढला नाही? कारण ही ६१ आणि ५७ माणसे संशोधकांनी निवडलेली आहेत. गावात मांस खाणारे एकूण किती, हे त्यांतून कळत नाही. छेदच हाती नाही, म्हणून हा वळसा. एवढे एक वाक्य ठळकपणे हवे होते.

दुसरी उणीव आपल्यालाच भरून काढावी लागेल. पुस्तकातली आकडेवारी तयार, स्वच्छ असते. शाळेचे हजेरीपत्रक तसे नसते. ऑक्टोबरमधली तापाची गैरहजेरी वर्गवार मोजायला घ्या. पटसंख्या हा छेद हाताशी आहे. मग अंशाची अडचण सुरू होते: सोयाबीनच्या सोंगणीसाठी घरी राहिलेल्या मुलाच्या चिठ्ठीतही ‘ताप’ असेच लिहिलेले असते.