संगणकसाहाय्यित अध्ययन आणि अभियांत्रिकीतील समस्या-निराकरण : एक चिकित्सा

२००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून ‘व्हर्च्युअल लॅब्स’ आणि आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या उपक्रमांना बळ मिळाले. १९८३ पासून तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय कार्यरत असलेल्या धाराशिवसारख्या, महानगरांपासून दूरच्या ठिकाणी अशा साधनांचे मोल विशेष आहे. सायलॅबसारखी मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळते; तिचे मराठी निवेदन ऐकत विद्यार्थी स्वतःच्या गतीने सराव करू शकतो. हे यश निर्विवाद होय. तथापि आज्ञावली चालविता येणे म्हणजे समस्या सोडविता येणे नव्हे.

जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या ग्रंथात समस्या-निराकरणाचे चार टप्पे मांडले : आकलन, योजना, अंमलबजावणी आणि सिंहावलोकन. गणनसाधनांचे सामर्थ्य मुख्यतः तिसऱ्या टप्प्यात एकवटलेले आहे. उदाहरणार्थ, विहिरीतून सेकंदाला ५ लिटर पाणी एकूण ३० मीटर उंचीवर चढवावयाचे असून पंपसंचाची कार्यक्षमता ५० टक्के आहे. आवश्यक शक्ती सुमारे ३ किलोवॅट, म्हणजेच ४ अश्वशक्ती येते. लिटरचे घनमीटरमध्ये रूपांतर न करता ‘५’ हाच अंक भरल्यास उत्तर ३,००० किलोवॅट येते. संगणक हेही उत्तर तितक्याच निर्विकारपणे देतो. त्याच्या लेखी दोन्ही आकडे सारखेच.

ज्याच्या शेतातील विहिरीवर ५ अश्वशक्तीची मोटार चालते, त्या विद्यार्थ्याला ही चूक तत्काळ उमगावयास हवी. परंतु घरचा अनुभव आणि वर्गातील समीकरण यांची सांगड घातली गेली नाही, तर तो पडद्यावरील आकडा मुकाट्याने उतरवून घेतो. ग्रामीण विद्यार्थ्याची जमेची बाजू अशा रीतीने वाया जाते. साधन मराठीत बोलू लागले, तरी त्याच्या अनुभवाला प्रश्न विचारीत नाही, ही खरी उणीव होय.

यास्तव संगणक सुरू करण्यापूर्वी आकृती, गृहीतके, एकके आणि उत्तराचा स्थूल अंदाज वहीत लिहून घेणे, तसेच आलेले उत्तर त्या अंदाजाशी ताडून पाहणे अनिवार्य करावे आणि त्यास स्वतंत्र गुण द्यावेत. यासाठी नव्या यंत्रसामग्रीची गरज नाही. अध्यापकाने वही तपासताना उत्तराआधी अंदाज पाहावा, एवढेच पुरेसे आहे. संगणकामुळे आकडेमोडीचा भार हलका होतो. मात्र ‘हे उत्तर संभवते काय?’ असे विचारण्याची अध्यापकाची जबाबदारी त्यामुळे अधिकच वाढते.